वापरलेल्या टी-बॅगा टाकून देववत नाहीत. त्यांचं फोटोग्राफीत किंवा हस्तकलेत काही करता येईल का?

येईल की. भरपूर येईल. पण "हा काय विषय झाला?" असं विचारणारा एक तरी महाभाग तुम्हाला भेटणारच, म्हणून उत्तर जरा लांबवतेय.

आमच्या हौशी फोटोग्राफर मंडळात दर महिन्याला एक विषय दिला जायचा. एकदा आला 'घरातली वस्तू'. घरी आम्ही चहा उकळूनच करतो, पाहुण्यापुढे टी-बॅग ठेवली तर सासूबाई मला वाळीत टाकतील. पण ऑफिसच्या पँट्रीतून एक वापरलेली आणली होती. पिशवी वाळवली, घडी उलगडून पत्ती झटकली आणि रिकामा कागद ओल्या बोटाने खिडकीच्या काचेवर चिकटवला. मागून सकाळचं ऊन. कागदातला धागा न् धागा सुटा दिसायला लागला. डाग सुकताना रंग कडेला सरकतो, त्यामुळे काठावर बारीक, गडद तपकिरी रेघ उठली होती आणि आत फिकट पिवळा. घडीच्या जागी दोन छटा एकमेकींवर चढलेल्या. स्टेपलच्या पिनेचा कागदावर उमटलेला ठसासुद्धा दिसत होता.

परीक्षक ज्येष्ठ. प्रिंट दोन बोटांत धरून म्हणाले, "ताई, घरात डस्टबिन नाही का?" सगळे हसले. बक्षीस गेलं वारीतल्या एका आजोबांच्या सुरकुत्यांना. विषय 'घरातली वस्तू' असताना! ते आजोबा कुणाच्या घरातली वस्तू, हे मी विचारलं, तर वातावरण तंग झालं.

पुढे मी त्या परीक्षकांना रूबी सिल्व्हियसबद्दल सांगितलं. न्यूयॉर्क राज्यातली ही चित्रकार. तिने ३ जानेवारी २०१५ पासून ३६३ दिवस रोज एका वापरलेल्या टी-बॅगवर चित्र काढलं. केप टाऊनजवळच्या हाउट बेमध्ये तर वाळवलेल्या टी-बॅगा रंगवून त्यांचे ट्रे, कोस्टर, भेटकार्डं करून विकतात, त्यावर घरं चालतात. साहेबांचं उत्तर, "परदेशात काहीही खपतं." यावर काय बोलणार? मंडळ सोडलं.

तर तुमचं काम. फोटो काढताना ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याने आपणहून रंग सावरणं, बंद करा, नाहीतर कॅमेरा चहाचा रंगच धुऊन काढतो. डेलाइटवर, म्हणजे दिवसाच्या उजेडाच्या सेटिंगवर ठेवा. काचेच्या पेल्यात कोमट पाणी घेऊन त्यात बॅग अलगद लोंबकळत ठेवली, की रंगाच्या दोऱ्या सावकाश खाली उतरताना टिपता येतात. वाफ हवी असेल तर पाणी कढत, मागे काळं कापड आणि उजेड पाठीमागून.

हस्तकलेला हा कागद नाजूक दिसतो, पण त्यात बहुधा केळीच्या कुळातल्या अबाकाचे धागे असतात, त्यामुळे ओला झाला तरी सहज फाटत नाही. पातळ फेविकॉलने डबीवर, वहीच्या पुठ्ठ्यावर बसवा. मला स्वतःला खिळ्याचा प्रयोग सगळ्यात आवडतो: गंजलेला खिळा व्हिनेगरमध्ये मुरवायचा आणि ते पाणी ब्रशने डागावर फिरवायचं. चहातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, लोखंडाला भेटलं की बघता बघता काळं पडतं. हिरड्याच्या पाण्यात लोखंड पडल्यावर होतं तेच. त्या काळ्यात चेहरे, डोंगर, काय हवं ते काढा, पण कृपा करून वारी नको.

हो, एक राहिलंच. त्या तिकोनी, चकचकीत जाळीच्या पिशव्या घेऊ नका. बऱ्याचदा त्या नायलॉनच्या नाहीतर कुठल्यातरी प्लास्टिकच्या असतात, कागदासारखा रंग धरत नाहीत. दुधात बुडवलेली बॅग तर अजिबात नको, वास मारते आणि मुंग्या लागतात. पावसाळ्यात पत्ती आत ठेवून वाळवलीत तर बुरशी येणारच. पत्ती आधी काढा, गुलाबाच्या कुंडीत टाका, कागद पंख्याखाली ठेवा. आणि तुमच्या मंडळात परीक्षक कोण आहेत, ते प्रवेशशुल्क भरण्याआधी विचारून घ्या.