फ्लोराइड बाहेर काढणारी दारं

प्रश्न : आमच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. मुलांचे दात डागाळतात, मग जीवाणू कसे तगतात? – एक शिक्षिका, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, पत्र वाचून मी आधी फळ्यावर पेशी काढली. आम्लधर्मी जागी फ्लोराइड हायड्रोजनशी जोडी जमवून पेशीच्या पटलातून (बाहेरच्या पातळ आवरणातून) सहज आत शिरतं. आत आम्लता कमी, म्हणून जोडी फुटते, फ्लोराइड अडकतं आणि एनोलेझसारखी विकरं (पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं) रोखतं. पण ई. कोलाय या जीवाणूच्या पटलात ‘फ्लक’ प्रथिन असतं: दोन रेणू एकमेकांना उलटे जोडलेले, त्यांत दोन अरुंद वाटा. फ्लोराइड बाहेर जातं, क्लोराइडला जवळपास मज्जावच. इतकी पारख! मला याचं फार अप्रूप वाटतं. अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये हे दाखवलं. दात किडवणारा स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स वेगळं प्रथिन वापरतो. तिथे प्रोटॉन (हायड्रोजनचा धनभारित कण) आत येतो, फ्लोराइड बाहेर पडतं.