चार वेळा सोडवलेली चाचणी

(पत्रांना उत्तरं देणारी मी, सोळा वर्षं ॲनिमेशनमध्ये पात्रांचे चेहरे आणि हातवारे रेखाटतेय. या वेळची तिन्ही पत्रं माझ्या कामाजवळची निघाली, म्हणून जरा जास्त बोलणार आहे.)

प्रश्न : ताई, मी चौतीस वर्षांची आहे. 'ॲनिमेशनपटातलं कोणतं पात्र तुमच्यासारखं?' अशी एक चाचणी मैत्रिणींच्या ग्रुपवर आली. मला 'फ्रोझन'मधली ॲना मिळाली. मला तिची मोठी बहीण, हातांतून बर्फ निर्माण करणारी एल्सा हवी होती. मग उत्तरं बदलत चार वेळा सोडवली आणि चौथ्यांदा आली एकदाची एल्सा. तेव्हापासून डोक्यात घोळतंय, मी नक्की कोण? हसू नका हं.

उत्तर : थोडीशी हसले, माफ करा.

आधी या चाचण्यांच्या पोटात काय असतं ते सांगते. प्रत्येक पर्याय कुठल्या तरी पात्राच्या खात्यावर गुण टाकतो. थंडी आवडते? एल्साला एक. गर्दीत मिसळता? ॲनाला एक. शेवटी ज्याचं खातं जड, तो तुम्ही. दोनदा सोडवली की कुठलं उत्तर कुणाच्या पदरात पडतं ते कुणालाही कळतं. म्हणजे चौथ्या खेपेला तुम्ही स्वतःकडे बघतच नव्हता, चाचणी रचणाऱ्याचं डोकं वाचत होता.

आणि निकाल पटतो कसा? बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी 1948 साली आपल्या विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'खास तुझं' म्हणून वर्णन दिलं. ते किती जुळतं याला मुलांनी 5 पैकी सरासरी 4.26 गुण दिले. गंमत अशी, की सगळ्यांना दिलेला कागद एकच होता, आणि त्यातली वाक्यं भविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती. 'तुम्ही वरून कणखर पण आतून हळव्या आहात' हे वाक्य नाकारणारी बाई मला तरी अजून भेटलेली नाही.

आमच्या कामात आवडीनिवडी कुणी विचारत नाही. आमच्या टेबलावर एक आरसा असतो. पात्र दचकणार असेल तर आधी आपण दचकायचं आणि बघायचं, की भुवया आधी वर गेल्या की खांदे. मग त्या पात्राचे खांदे कधी हलतील ते ठरवायचं. पात्र सापडतं ते असल्या बारीक गोष्टींत. 'स्पिरिटेड अवे'मधली चिहिरो बूट घातल्यावर पुढे धावण्याआधी पायाची बोटं जमिनीवर ठोकते. गोष्टीला त्याची काही गरज नाही. पण तेवढ्यात ती परीकथेतली मुलगी न राहता शेजारच्या घरातली होते.

आता एल्सा आणि ॲना या दोघी बहिणींकडे या. राज्याभिषेकाच्या वेळी एल्साला हातमोजे काढावे लागतात. राजदंड आणि गोल उघड्या हातात घेतल्याबरोबर त्यांच्यावर हिम चढायला लागतं. ती ते कसेबसे धरते आणि सुटका होताच आधी मोजे चढवते. भीती वाटली की हात झाकायचे, दार लावून घ्यायचं, ही एल्सा. आणि ॲना? ती लहानपणापासून त्या बंद दारावर टकटक करते, उत्तर मिळत नाही, निघून जाते, आणि परत येऊन टकटक करते. घरात भांडण झालं की तुम्ही काय करता, तेवढं आठवा. बर्फ आवडतो की नाही ते राहू द्या.

एल्सा हवीशी का वाटते ते मला कळतं. तो झगा, ती वेणी, तो बर्फाचा महाल. पण 2013 सालच्या त्या सिनेमाच्या आधीच्या आराखड्यात एल्सा चक्क खलनायिका होती. तिचं ते प्रसिद्ध गाणं तयार झालं, ते ऐकून करणाऱ्यांचंच तिच्याबद्दलचं मत फिरलं आणि गोष्ट नव्याने लिहिली गेली. जिथे तिला घडवणारेच चुकले, तिथे दहा प्रश्नांच्या चाचणीकडून काय धरून बसायचं?

माझं म्हणाल तर, मला 'प्रिन्सेस मोनोनोके'मधली लांडग्यांत वाढलेली सान व्हायचं होतं. मुलीने एका वाक्यात निकाल लावला : "आई, तू स्टॉइक आहेस." 'हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन'मधला तो दाढीवाला बाप. बाप आणि मुलगा दोघांनाही काहीतरी सांगायचं असतं, 'आधी तू, आधी तू' होतं, शेवटी बाप आधी बोलतो आणि मुलाचं म्हणणं राहूनच जातं. मी तिला समजावायला लागले, की मी अशी मुळीच नाही. पाच मिनिटांनी लक्षात आलं, की अजून मीच बोलतेय.

तर तुम्ही कोण? उत्तर येत नव्हतं तरी चार वेळा दार वाजवलंत. बाई, हे एल्साचं काम नव्हे.

प्रश्न : मी नवऱ्याला लाडाने 'कॅल्सिफर' म्हणते. तो म्हणतो, चुलीतला राक्षस म्हणजे अपमान आहे. काय करू?

उत्तर : त्यांना 2004 सालचा 'हाउल्स मूव्हिंग कॅसल' एकदा शेजारी बसवून दाखवा. अख्खा किल्ला तो कुरकुरणारा जाळ चालवतो, आणि घरमालक हाउलचं हृदयही त्याच्याचकडे असतं. त्यावरही रुसले, तर मात्र ते हाउल आहेत. केसांचा रंग बिघडला म्हणून तो किती थयथयाट करतो ते तुम्हाला माहीत असेलच.

प्रश्न : मी पंधरा वर्षांचा आहे. वर्गात मला 'नो-फेस' म्हणतात, कारण मी फार बोलत नाही. चाचणीतही तोच आला. तो भीतीदायक आहे. मीही तसा आहे का?

उत्तर : नो-फेस ज्यात आहे तो 'स्पिरिटेड अवे' तू पूर्ण पाहिलास का रे? चिडवणाऱ्यांनी बहुतेक पाहिलेला नाही.

नो-फेसला स्वतःचं बोलणं जवळजवळ नाहीच, नुसतं 'आ... आ...'. सिनेमातल्या स्नानगृहात तो एका बेडकाला गिळतो आणि मग त्या बेडकाच्याच आवाजात बोलायला लागतो. आजूबाजूचे सगळे सोन्यामागे वेडे झालेले असतात, म्हणून तोही सोनं वाटत सुटतो आणि खात सुटतो. चिहिरो ते सोनं घेत नाही, तिथे त्याचा तोल जातो. पण तिच्याबरोबर आगगाडीत बसल्यावर तो कसा बसतो ते बघ : ताठ, गप्प, शेजारी. पुढे झेनिबा नावाच्या म्हाताऱ्या चेटकिणीच्या घरी तो सूत काततो, विणकामाला हातभार लावतो, आणि ती त्याला तिथेच ठेवून घेते. बोलत तो तिथेही नाही, पण त्याचं कुणालाच काही वाटत नाही.

भीतीदायक झाला तो उसन्या आवाजात बोलायला लागल्यावर, गप्प होता तेव्हा नाही. तुझ्या वर्गातही एखादा बाक त्या आगगाडीसारखा असेल, जिथे न बोलता बसलं तरी चालतं. तिथे कोण बसतं ते मला पुढच्या पत्रात कळव.