जुन्या क्लासिक चित्रपटांच्या नव्या ब्लू-रेवर रंग बदललेले का वाटतात? मूळ रंग कोणते हे कसं ओळखायचं?

आधी टीव्हीवरचा संशय दूर करा. पिक्चर मोड ‘फिल्ममेकर’ किंवा ‘सिनेमा’, कलर टेंपरेचर ‘वॉर्म’, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद. तरीही पांढरा शर्ट पिवळट आणि सावल्या हिरवट-निळ्या दिसत असतील तर ती करामत डिस्कच्या ग्रेडिंगची, म्हणजे डिस्क बनवताना ठरवलेल्या रंगछटांची.

मुळात कॅमेरा निगेटिव्हमध्ये, म्हणजे चित्रीकरणाच्या मूळ फिल्ममध्ये, चित्रपटाचे ‘अंतिम’ रंग नसतातच. लॅबमधला टायमर, म्हणजे रंग जुळवणारा तंत्रज्ञ, प्रत्येक शॉटसाठी प्रिंट काढताना वापरायच्या लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाचे (प्रिंटर लाइट) १ ते ५० मधले आकडे ठरवायचा. पडद्यावरचा रंग त्या आकड्यांतून आणि प्रिंट फिल्मच्या स्वभावातून यायचा. आज स्कॅन बहुतेकदा निगेटिव्हचंच होतं, म्हणजे हे सगळे निर्णय कलरिस्टला (संगणकावर रंग ठरवणाऱ्याला) पुन्हा घ्यावे लागतात. जुळवायला चांगली प्रिंट नसेल तर आजची फॅशन आत शिरते. प्रिंटही डोळे झाकून मानता येत नाही: जुन्या ईस्टमनकलर (कोडॅकची रंगीत फिल्म) प्रिंटमधला सायन, म्हणजे हिरवट-निळा, रंग आधी उडतो आणि सगळं गुलाबी पडतं. टेक्निकलरची डाय-ट्रान्सफर प्रिंट (फिल्मवर रंगद्रव्य छापून केलेली) मात्र टिकते, म्हणून तिची साक्ष सगळ्यात वजनदार.

‘दिग्दर्शकाच्या देखरेखीखाली’ या शिक्क्याने हुरळून जाऊ नका. १९७१ च्या ‘द फ्रेंच कनेक्शन’ची २००९ ची ब्लू-रे दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन यांनी स्वतः फिकट, पेस्टल रंगांत करवली. छायालेखक ओवेन रोइझमन यांनी त्यावर जाहीर टीका केली आणि २०१२ मध्ये नव्या ग्रेडिंगची आवृत्ती आली.

आता तपासणी. एकच फ्रेम दोन आवृत्त्यांतून पीएनजी चित्रफाइलमध्ये काढा आणि फोटो-सॉफ्टवेअरमधल्या आयड्रॉपरने (रंग मोजणाऱ्या साधनाने) पांढऱ्या वस्तूचे लाल, हिरवा, निळा या क्रमाचे ० ते २५५ मधले आकडे बघा. २४०, २३८, २३५ असेल तर ठीक. २४५, २३६, २०५ आलं तर निळा दाबलेला आहे. पण एका फ्रेमवर निकाल देऊ नका, तिथे मेणबत्तीही जळत असेल! दिवसाचा बाहेरचा शॉट, रात्र, घरातलं दृश्य आणि श्रेयनामावली, चारही घ्या. सगळीकडे झुकाव तोच असेल तर अख्ख्या चित्रपटावर एकच छटा फासली आहे. लेटरबॉक्स (चित्राच्या वर-खाली काळ्या पट्ट्या) असेल तर वरची काळी पट्टी आणि चित्रातली गडद सावली शेजारी ठेवून पाहा; सावलीतला हिरवेपणा लगेच पकडला जातो.

इथे दोन ठिकाणी फसगत होते. डीव्हीडी बीटी.६०१ आणि ब्लू-रे बीटी.७०९ या वेगवेगळ्या रंगमानकांत असते. प्लेयरने मॅट्रिक्स, म्हणजे रंग उलगडण्याचं त्या मानकाचं सूत्र, चुकवलं की लाल-हिरवे रंग सरकतात आणि दोष विनाकारण डिस्कच्या माथी येतो. दुसरं, एचडीआरचे (जास्त उजेड-अंधार दाखवणाऱ्या स्वरूपाचे) स्क्रीनशॉट टोन-मॅपिंगमुळे, म्हणजे साध्या पडद्यासाठी उजेड दाबून बसवल्यामुळे, बदलतात, म्हणून तुलना साध्या, एसडीआर डिस्कचीच करा.

नुसता पिवळेपणा असेल तर टीव्हीच्या वेगळ्या प्रीसेटमध्ये व्हाइट बॅलन्सचा ब्लू गेन (उजळ भागातला निळा) थोडा वाढवून बराच सुसह्य होतो. सावल्यांतल्या हिरव्यासाठी ग्रीन ऑफसेट (गडद भागातला हिरवा) एकेक पायरी खाली आणा. मात्र डिस्क बनवताना कॉन्ट्रास्ट वाढवल्यामुळे काळ्यात बुडालेला तपशील कुठल्याही सेटिंगने परत येत नाही. त्यासाठी दुसरी आवृत्तीच शोधावी लागते.