व्यायाम ऑपरेशनच्या आधीपासूनच

प्रश्न : तीन आठवड्यांनी छाती उघडून आईच्या हृदयाची झडप बदलणार आहेत. नंतर तीन महिने पूर्ण विश्रांती, असं नातेवाईक सांगतात. व्यायाम नेमका कधी सुरू करायचा?

उत्तर : आजपासून, पण श्वासाचा. झडप फार अरुंद झाली असेल तर आत्ता जिने चढणं, धाप लागेपर्यंत चालणं धोक्याचं. शुद्धही हरपू शकते.

तीन गोळे असलेलं श्वासाचं यंत्र आताच आणा. बहुतेक जण त्यात फुंकतात, नाहीतर तिन्ही गोळे झटक्यात उडवतात. दोन्ही चूक. नळी ओठांत घट्ट धरून हवा सावकाश आत ओढायची आणि वर आलेला गोळा ३ सेकंद तसाच तरंगत ठेवायचा. ऑपरेशननंतर हे जागेपणी दर तासाला १० वेळा, मध्ये दम खात. सलग केलं तर गरगरतं. दुखतं म्हणून माणूस वरवर श्वास घेतो, मग फुप्फुसाचा तळ मिटतो, कफ साचतो, न्यूमोनिया होतो. दुखत असताना नवं काही शिकवणं अवघड, म्हणून ही घाई. दातही आधीच तपासून घ्या. हिरड्यांतले जंतू रक्तातून नव्या झडपेवर बसू शकतात.

कापलेलं छातीचं हाड तारांनी बांधतात. ते सांधायला ६ ते १२ आठवडे लागतात. खोकताना उशी छातीशी कवटाळायची. उठताना कुशीवर वळून पाय पलंगावरून खाली सोडायचे, त्या वजनानं धड वर येतं. हात धरून ओढू नका, मदत पाठीमागून द्या. साधारण ४ किलोंहून जड काही उचलायचं नाही.

ऑपरेशननंतर घरी आल्यावर ५ मिनिटं चालणं, दिवसातून ३-४ वेळा. जमेल तसं रोज मिनिटभर वाढवा. चालताना बोलता आलं पाहिजे. नाडीच्या आकड्यावर विसंबू नका, बीटा ब्लॉकर गोळ्या ती मुद्दाम मंद ठेवतात.

हाड कटकट हलतंय असं वाटलं, जखमेतून पाणी आलं, ३८ अंश सेल्सियसवर ताप गेला, धडधड अनियमित झाली किंवा दोन दिवसांत २ किलो वजन वाढलं, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

प्रश्न : यांत्रिक झडपेसाठी वॉरफरिन, म्हणजे रक्ताच्या गुठळ्या रोखणारी गोळी, चालू आहे. पालेभाज्या बंद करू का?

उत्तर : नको. प्रमाण मात्र दर आठवड्याला सारखं ठेवा. पालेभाजी अचानक वाढली की आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीचा आकडा) उतरतो आणि झडपेवर गुठळी धरू शकते. झडपेची टिकटिक एकाएकी दबली आणि धाप लागली, तर तडक रुग्णालयात जा.