फुकट मिळालेलं थिएटर

प्रिय नवलेखकास,

तुझ्या विनोदी पटकथेचा खर्डा वाचला. नायकाला पहिल्याच पानावर मामाची इस्टेट मिळते आणि मग तो ती उधळत सुटतो. हसू येत नाही, कारण त्याचं कुठेच काही अडत नाही. बेसिल डिअर्डनचा १९५७ चा 'द स्मॉलेस्ट शो ऑन अर्थ' बघ. सुमारे ८० मिनिटांचा कृष्णधवल ब्रिटिश सिनेमा आहे. वही घेऊन बस आणि दर प्रसंगाला एकच नोंद कर: आत्ता वारशाची किंमत किती?

मॅट आणि जीन या नवरा-बायकोला मॅटच्या चुलतआजोबांचं थिएटर मिळतं. गावातलं चकचकीत 'ग्रँड' थिएटर बघून दोघं हरखतात, पण त्यांच्या वाट्याला आलेलं असतं रेल्वेपुलांच्या बेचक्यातलं मोडकळीला आलेलं 'बिजू'. गाडी गेली की अख्खी इमारत हादरते. ग्रँडच्या मालकाला ती जागा गाड्या लावायला हवी असते. त्याने आजोबांना ५,००० पौंड देऊ केले होते, वारसांना मात्र ५०० च दाखवतो. गोष्ट इथे सुरू होते. भाव चढावा म्हणून दोघं थिएटर चालवायचं सोंग आणतात, आणि सोंग वठवायचं तर खेळ खरेच लावावे लागतात. तुझ्या नायकालाही असंच घाम काढणारं सोंग दे.

वारशाबरोबर तीन म्हातारी माणसंही येतात: तिकीटखिडकीवर मिसेस फझाकली, प्रोजेक्टरवर क्विल आणि दारावर टॉम. टॉमला गणवेश हवाय, क्विलला दारूपासून लांब राहायचंय. हे आधी पेरलंय, म्हणूनच रिळांबरोबर व्हिस्कीची बाटली धाडायचा ग्रँडच्या मालकाचा डाव नेमका लागतो. (क्विल झालाय विनोदी नट पीटर सेलर्स, तेव्हा जेमतेम एकतीस वर्षांचा. त्याची चाल बघच.)

वाळवंटातला सिनेमा लावून हॉल तापवायचा आणि आइस्क्रीम खपवायचं, हा विनोद दोनदा बघ. पडद्यावर तहान, हॉलमध्ये उकाडा, शेजारी विक्री. कुणी समजावत बसत नाही.

पण खरा धडा आहे खेळानंतरच्या प्रसंगात. क्विल जुना मूकपट लावतो, फझाकलीबाई पियानोवर साथ करतात, टॉम बघत बसतो. तिथे एकही कोटी नाही. हा प्रसंग काढलास तर तिघं नुसती सोंगं उरतील, आणि थिएटर विकताना त्यांच्या नोकऱ्या टिकाव्यात ही अट कुणाला पटणार नाही.

शेवट सांगतोय, रागावू नकोस. मॅट सहज बोललेलं टॉमच्या कानावर पडतं आणि ग्रँड जळतं. धंदा चालू ठेवायला मालकाला आता बिजूच लागतं: १०,००० पौंड. जाळपोळ इतक्या हसत पचवणं मला जरा खटकतं, पण कलाटणी आभाळातून पडत नाही, पात्राच्या स्वभावातून येते.

तेव्हा मामाची रोकड काढून टाक. मोडकी वस्तू, तिच्यावर डोळा असलेला गिऱ्हाईक आणि तिच्यावर पोट असलेली दोन-तीन माणसं ठेव. पहिला भाव दहाव्या पानाच्या आत यायला हवा. तेवढी दहा पानं आधी पाठव.

तुझा,
काका