"गणित कच्चं आहे, म्हणून केमिस्ट्री जमत नाही"

अकरावीच्या मुलांकडून हे वाक्य मी सतत ऐकते. एक मुलगा तर सायन्स सोडायचं ठरवूनच आला होता. "मोलची गणितं आली की हातच चालत नाही, मॅडम." (मोल म्हणजे अणू-रेणू मोजायचं, डझनासारखं एक ठरलेलं माप.) अशा वेळी धीर द्यायच्या आधी मी वही मागते.

वहीतलं उदाहरण साधं होतं. ७ ग्रॅम नायट्रोजनचा पूर्ण अमोनिया व्हायला हायड्रोजन किती लागेल? समीकरण त्याने नीट संतुलित केलं होतं: नायट्रोजनचा एक रेणू, हायड्रोजनचे तीन, अमोनियाचे दोन. आणि उत्तर होतं २१ ग्रॅम.

सात त्रिक एकवीस. गुणाकार बरोबर! म्हणजे गणित कच्चं नव्हतंच. समीकरणातला तीन हा आकडा रेणूंची संख्या सांगतो, त्याने तो थेट ग्रॅमला लावला होता.

"एका बोल्टला तीन चकत्या लागतात. बोल्ट ७ ग्रॅमचा, तर चकत्या २१ ग्रॅमच्या होतील?" मी विचारलं.

"नाही, चकत्या हलक्या असतात." एवढं बोलून तो वहीकडे बघत राहिला, आणि मग त्यानेच पेन उचललं.

नायट्रोजनचा १ मोल म्हणजे २८ ग्रॅम, म्हणून ७ ग्रॅम म्हणजे ०.२५ मोल. त्याच्या तिप्पट हायड्रोजन, ०.७५ मोल. हायड्रोजनचा १ मोल २ ग्रॅमचा, म्हणून १.५ ग्रॅम.

"इतकं कमी?" त्याचा विश्वास बसेना. मी म्हटलं, ताळा करून बघ. अमोनिया नायट्रोजनच्या दुप्पट, ०.५ मोल; त्याचा १ मोल १७ ग्रॅमचा, म्हणजे ८.५ ग्रॅम. सात आणि दीड मिळूनही साडेआठच. हा ताळा मला उत्तराहून मोलाचा वाटतो, कारण आपलं बरोबर आहे की नाही हे मुलाला कुणाला विचारावं लागत नाही.

पालकांना माझी कळकळीची विनंती आहे, 'कच्चा' म्हणण्याआधी पेन नेमकं कोणत्या ओळीवर अडतं ते बघा. बहुतेकदा ग्रॅमचे मोल करण्याची एक पायरी गाळलेली असते.

दुसरी अडचण त्याची अजून आहे. ऑक्सिजन वायूच्या १ मोलसाठी १६ ग्रॅम धरायचे की ३२, यात तो गोंधळतो. वायूत ऑक्सिजनचे दोन-दोन अणू जोडलेले असतात, म्हणून ३२. सध्या उदाहरण सोडवण्याआधी प्रत्येक पदार्थाच्या १ मोलचं वस्तुमान तो समासात लिहून घेतो.