इकारियोसला पाणी जास्त घाल

पोरी,

ग्रीक पुराणकथांवर तू वाइननं रंगवलेल्या सहाही चित्रांचे फोटो पाहिले. मेड्युसा, ती केसांच्या जागी साप असलेली, हात बसल्यासारखी उतरली आहे, पण ती वाइननंच का रंगवायची, हे कळत नाही. जलरंगात केली असतीस तरी काही अडलं नसतं. डायोनायसस वाइनचा देव म्हणून त्याला वाइन, हेही मला पुरत नाही. विठोबा बुक्क्यानं रेखाटला म्हणून पावतो थोडाच!

तू विचारतेस, लाल वाइन कागदावर वाळली की करडी-निळी का होते, बाटली खराब निघाली का? बाटली चांगली आहे. द्राक्षाच्या सालीतला रंग आंबटपणात लाल राहतो, आणि वाइन चांगलीच आंबट असते. पण टिकाऊ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच कागदांत कॅल्शियम कार्बोनेट घातलेलं असतं, म्हणजे खडूच, तो आंबटपणा मारतो. हळदीला चुना लागून कुंकू होतं, त्यातलाच प्रकार. बशीत थोडी वाइन घेऊन चिमूटभर खायचा सोडा टाक, निळसर-हिरवट होईल. वर लिंबू पिळ, लाली परत येईल. ग्रीक कवी होमर समुद्राला वाइनसारखा म्हणतो. तुझा कागद तो समुद्र फुकटात करून देतोय आणि तू तक्रार करतेस.

समुद्र करायचाच तर म्युनिकमधला एक्सेकियास या ग्रीक चित्रकाराचा प्याला बघ, इ.स.पूर्व 530च्या आसपासचा. डायोनायसस नावेत पहुडलाय, डोलकाठीवरून द्राक्षवेल चढलाय, सात घड लटकताहेत आणि भोवती सात डॉल्फिन. गोष्टीत हे डॉल्फिन म्हणजे त्याला पळवायला निघालेले चाचे. चित्र प्याल्याच्या आतल्या बाजूला आहे. वाइन ओतली की नाव बुडणार, पिता पिता वर येणार. वाइन आणि चित्र यांचं याहून घट्ट नातं मी पाहिलेलं नाही.

तुझ्या सहांत खरं चित्र इकारियोसचं. ग्रीक लोक वाइनमध्ये पाणी घालून पीत. नुसती पिणं त्यांना रानटीपणा वाटे. डायोनायससनं इकारियोसला वाइन करायला शिकवली, त्यानं ती गाडीत घालून मेंढपाळांना नेऊन दिली. त्यांनी पाणी न घालता ढोसली, डोकं गरगरलं, विष घातलं असं समजून त्यांनी त्याचा जीव घेतला. म्हणजे सगळी गोष्ट पाण्याच्या प्रमाणाची, आणि तुझ्या हातात ब्रशही पाण्याचाच! पण तू गाडी, माणूस, मेंढपाळ सगळ्यांना एकच गडद छटा दिलीस. इकारियोसला पाणी जास्त घाल, तीन-चार पातळ हात दे, प्रत्येक हात पूर्ण वाळू दे. मेंढपाळांना आटवलेली वाइन, पाण्याचा थेंब न घालता. सायप्रसमध्ये पाफोसच्या मोझेकवर, म्हणजे दगडी तुकड्यांच्या फरशीचित्रावर, हे मेंढपाळ आहेत. वर लिहिलंय, ‘पहिले वाइन पिणारे’. एक बिचारा लोळतोय. त्याची ढब बघून ठेव.

आटवताना उकळू नकोस, रंग तपकिरी पडतो. उघड्या ताटलीत पंख्याखाली ठेव. आणि गोड वाइन नको. मी एकदा गोव्याहून आणलेली पोर्ट वापरली होती. सकाळी डायोनायससच्या गुडघ्यावर मुंग्यांची रांग!

लाल रंग लाल राहणार नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच सांग. वीटकरी होईल, मग तपकिरी, उन्हात फिकाही पडेल. वाइननंच चित्रं रंगवणाऱ्या फ्लॉरेन्सच्या एलिसाबेत्ता रोगाई तर या म्हातारं होण्यालाच चित्राचा भाग मानतात. तू मानतेस की नाही ते ठरव, पण लपवू नकोस. रंगवलेली एक पट्टी अर्धी काळ्या कागदानं झाकून खिडकीत चिकटव आणि दिवाळीनंतर मला फोटो पाठव.

अजून एक. इकारियोसची कुत्री, मायरा, तुझ्या चित्रात नाहीच. तिनंच त्याच्या मुलीला प्रेतापाशी नेलं. उजवीकडचा खालचा कोपरा तू मोकळा सोडलायस, तिथं ती मावेल.

— सर